दूरस्थ सॉफ्टवेअर-स्थापनेतील प्रशासक-अधिकार

दूरच्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर आपोआप बसवताना तेथील यंत्रणेत बदल करण्याची जी अनुमती लागते, तिला प्रशासक-अधिकार म्हणतात. हे काम अडते ते बहुधा या अनुमतीपाशीच.

लिनक्समध्ये 'सुडू' ही आज्ञा सामान्य वापरकर्त्याला नेमक्या कामापुरते 'रूट'चे अधिकार देते. ती पासवर्ड विचारते आणि स्वयंचलित प्रक्रियेत उत्तर द्यायला माणूस नसतो. म्हणून तेवढ्या आज्ञांना पासवर्डातून सूट देतात. ही नोंद 'व्हीआयसुडू'नेच करावी, कारण ते जतन करण्यापूर्वी मजकुरातील चुका तपासते.

विंडोजमधील अडचण अधिक फसवी आहे. समजा, नांदेडहून लातूरच्या सर्व्हरवर स्थापना करायची आहे. वापरलेले स्थानिक खाते प्रशासक-गटात असूनही 'प्रवेश नाकारला' असा संदेश येतो. व्हिस्टापासून आलेले 'वापरकर्ता खाते नियंत्रण' नेटवर्कवरून येणाऱ्या अशा खात्याचे अधिकार छाटते. डोमेन-खात्याला ही छाटणी लागू नाही. रजिस्ट्रीत बदल करून ती बंद करता येते. हा सोपा उपाय सर्रास सुचवला जातो, पण तो धोक्याचा आहे: सर्व यंत्रांवर एकच पासवर्ड असल्यास एका यंत्रात शिरलेल्याला बाकीचीही खुली होतात. डोमेन-खाते वापरणेच इष्ट.

खात्याचे अधिकार पूर्ण असूनही कधी स्थापना अडते. स्थापनेची फाइल तिसऱ्याच यंत्रावर असेल, तर लातूरच्या सर्व्हरला नांदेडच्या प्रशासकाची ओळख पुढे नेता येत नाही. याला 'दुहेरी उडी' म्हणतात. फाइल आधी लातूरच्या सर्व्हरवर उतरवून घेतली, की हा प्रश्न उरत नाही.