परसांतील झाडांवरचीं घरटीं : आधीं ओळख, मग पलिता

पावसाळा सरत आला म्हणजे परसांतील झाडांकडे मान वर करून पाहावें. कोठें पानांचे गोळे, कोठें शेणासारखें ढेकूळ, कोठें कागदी छत्री लोंबत असते. आपणांपैकीं बहुतेकजण हीं सर्व एकाच खातीं जमा धरितात : किडीचें घर. मग काठीस बोळा बांधून, तो रॉकेलांत भिजवून, पलिता लावण्याचा हुकूम गड्यास सुटतो. मींही तेंच करीत असें. त्यापायीं झालेलें नुकसान बंधूंनीं ऐकून ठेवावें, म्हणून हा लेख.

आमच्या विहिरीजवळील पायरी आंब्यावर दोन तऱ्हेचे गोळे दिसत. एक हिरवे, दुसरे तपकिरी. हिरव्यांतून तांबड्या मुंग्या निघून आंबे उतरणाऱ्यास कडकडून चावत, म्हणून ते दरसाल जाळविले. तपकिरी गोळे वाळका पाला समजून तसेच राहूं दिले. चार वर्षांत झाडाचे निम्मे शेंडे जाळ्यांनीं भरले व तेथें मोहोर येईना. अखेर एक तपकिरी गोळा आकडीनें ओढून चाकूनें उकलला. आंत रेशमी धागे, विष्ठेच्या बारीक कण्या आणि स्पर्श होतांच वळवळून उडणाऱ्या अळ्या! पानें जाळ्यानें एकत्र बांधून आंत बसून कुरतडणारी ही आंब्याची जाळीवाली अळी. म्हणजे चोर सोडून मीं पहारेकरी जाळीत होतों.

तो पहारेकरी म्हणजे ओंबील. तिच्या घरट्यांतील पानें जिवंत व हिरवीं असतात. त्यांच्या कडा पांढऱ्या, दाट, कागदासारख्या पट्टीनें शिवलेल्या दिसतात. ही शिवण मोठी नवलाची आहे. कांहीं मुंग्या रांगेनें पानांच्या कडा ओढून धरितात. दुसऱ्या आपल्याच अळ्या तोंडांत धरून एका कडेवरून दुसरीवर धोट्याप्रमाणें फिरवितात, आणि धागा निघतो तो त्या अळीच्या तोंडांतून. ओंबील झाडावरील अळ्या व किडे धरून नेते. चीन देशांत संत्रावर्गीय बागांसाठीं ह्या मुंग्या घरट्यांसह बाजारांत विकत घेत, असा उल्लेख इ. स. 304 च्या समजल्या जाणाऱ्या एका ग्रंथांत आहे. झाडाझाडांवर त्यांस जातां यावें म्हणून तेथील बागाईतदार मध्यें बांबू बांधीत. मात्र हा पहारेकरी अगदींच निर्लोभी नव्हे. गोड रसाच्या आशेनें तो पिठ्या ढेकणांस व खवल्या किडींस पाळतो. तेव्हां तीं वाढलेली फांदी छाटून टाकावी. आंबे उतरतेवेळीं गड्यानें हातापायांस चुलींतली राख चोळावी.

जाळीवाल्या अळीचे गोळे मात्र मोहोरापूर्वीं आकडीनें काढून खालीं आणून जाळावे, व आंतील दाट फांद्या विरळ करून झाडांत ऊन शिरूं द्यावें. दाट सावली तिला फार मानवते.

शेणाचा गोळा फांदीस थापल्यासारखें काळपट ढेकूळ दिसलें, व डिवचतांच शेपटाकडील भाग वर उचलून काळ्या मुंग्या धांवल्या, तर तें चावलेल्या वनस्पतीच्या तंतूंचें मुंग्यांचें वारूळ होय. तांबूस सुतारपक्षी अशाच नांदत्या वारुळांत भोंक पाडून अंडीं घालतो. त्यास त्या चावत कशा नाहींत, हें कोडेंच आहे.

आतां जिवावर बेतणारीं घरें. उंच फांदीखालीं हातभर रुंदीचें एकच उघडें पोळें, आणि त्यावर माश्यांचा पडदा, तर तें आग्या मोहोळ. त्याखालीं धूर अगर पलिता नेऊं नये. तें काम जाणत्या मोहोळ्याचें. झुडपांतील तळहाताएवढें पोळें फुलोरीचें. ढोलींत एकापुढें एक अनेक पोळीं असल्यास ती सातेरी; ती पेटींत पाळतां येते. देठास टांगलेली, राखी रंगाची, खालीं उघड्या कोठड्यांची कागदी छत्री गांधीलमाशीची. तींत मध नसतो. ती पिल्लांस अळ्याच चारते, तेव्हां वाटेवर नसल्यास राहूं द्यावी. मधमाशीचा कांटा अंगांत राहतो, तो नखानें तत्काळ खरडून काढावा. गांधील पुनःपुन्हां डंख करिते. डंखानंतर घसा दाटला, श्वास लागला किंवा अंगावर गांधी उठल्या, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें.

यंदा पायरीवरून एकोणीस तपकिरी गोळे काढिले. हिरवीं घरटीं सात आहेत. त्यांपैकीं विहिरीच्या रहाटावर लोंबणारें तेवढें एक फांदीसह कापून मागच्या फणसावर नेऊन बांधिलें.