तारण नसलेल्या कर्जाचे तारण

लघुउद्योगासाठी बँकेकडे येणाऱ्या कर्जप्रस्तावात यंत्रसामग्रीचे दरपत्रक असते, जागेचा भाडेकरार असतो आणि पुढील काही वर्षांच्या अपेक्षित विक्रीचा तक्ताही असतो. यंत्र किती अश्वशक्तीचे आहे, याची त्यात नोंद सापडते. त्या यंत्राच्या आधारे आपला संसार उभा करू पाहणाऱ्या व्यक्तीला मालाचा किलोमागचा खर्च काढता येतो की नाही, याची नोंद मात्र सहसा कोठेच नसते. छोटा उद्योग बंद पडतो, तेव्हा अनेकदा यंत्र उत्तम स्थितीत असते. हिशेब तेवढा बिघडलेला असतो.

२०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेने १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाची दारे तारणाविना खुली केली. पुढे २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, ‘तरुण’ गटातील आधीचे कर्ज ज्यांनी व्यवस्थित फेडले आहे, त्यांच्यासाठी ही मर्यादा २० लाख रुपयांपर्यंत वाढविण्याची घोषणा झाली. घर किंवा शेत गहाण नसताना दिलेल्या अशा कर्जाचा खरा आधार म्हणजे कर्जदाराचे व्यवहारज्ञान. हे ज्ञान केवळ पिढीजात व्यापारी घराण्यांतच असते, की ते कोणालाही शिकविता येते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न भारतात सहा दशकांपासून सुरू आहे.

काकिनाड्याचा प्रयोग

‘धंदा रक्तातच असावा लागतो’ ही आपल्याकडील जुनी समजूत. तिला शास्त्रीय कसोटी लावण्याचे श्रेय हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्याकडे जाते. स्वतःपुढे कठीण पण साध्य होईल असे ध्येय ठेवून ते गाठण्याची जी आंतरिक ओढ, तिला मानसशास्त्रात सिद्धिप्रेरणा म्हणतात. ही प्रेरणा प्रौढ वयातही वाढविता येते, असे मॅक्लेलंड यांचे प्रतिपादन होते. १९६०च्या दशकाच्या मध्यास आंध्र प्रदेशातील काकिनाडा या किनारपट्टीच्या शहरातील व्यावसायिकांना हैदराबाद येथील लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत आणून सुमारे दहा दिवसांचे प्रशिक्षण देण्यात आले. ही संस्था आज राष्ट्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग संस्था म्हणून ओळखली जाते.

या प्रशिक्षणात कर्ज नव्हते, अनुदान नव्हते की यंत्रांची माहितीही नव्हती. भर होता तो स्वतःकडे व स्वतःच्या कामाकडे पाहण्याच्या दृष्टीवर. पुढील काळातील पाहणीत या व्यावसायिकांनी प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या तुलनेत अधिक तास काम केल्याचे, अधिक नवे उपक्रम सुरू केल्याचे व अधिक लोकांना रोजगार दिल्याचे आढळले. मॅक्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे निष्कर्ष मांडले.

या विचाराला संस्थात्मक रूप मिळाले ते गुजरातमध्ये. तेथील औद्योगिक महामंडळाने १९७० साली नवोदितांसाठी उद्योजकता विकास कार्यक्रम सुरू केले. त्या अनुभवातून १९८३ मध्ये अहमदाबाद येथे भारतीय उद्योजकता विकास संस्था स्थापन झाली. आयडीबीआय, आयएफसीआय, आयसीआयसीआय आणि भारतीय स्टेट बँक या वित्तसंस्थांनी तिला पाठबळ दिले. महाराष्ट्रात १९८८ साली तत्कालीन औरंगाबाद, म्हणजेच आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची स्थापना झाली.

उजिरेचे विद्यालय

शहरातील संस्थांपर्यंत खेड्यातील तरुण पोहोचत नव्हता. ही उणीव भरून काढणारे पाऊल कर्नाटकात पडले. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील उजिरे या गावी १९८२ साली धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने ग्रामीण विकास व स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था सुरू झाली. ‘रुडसेटी’ या संक्षिप्त नावाने ती देशभर ओळखली जाते. धर्मस्थळाच्या शैक्षणिक न्यासासोबत सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक या उपक्रमात सहभागी होत्या. या दोन्ही बँकांचे २०२० मध्ये विलीनीकरण झाले.

या संस्थेची पद्धत साधी होती. प्रशिक्षण विनामूल्य आणि निवासी असे. अभ्यासक्रम अल्पमुदतीचा असे. कौशल्याच्या जोडीला हिशेब, बाजारपेठेची पाहणी आणि बँक व्यवहार शिकविले जात. आणि प्रशिक्षण संपल्यावरही सुमारे दोन वर्षे प्रशिक्षणार्थींशी संपर्क ठेवला जाई. हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा ठरला. याच धर्तीवर केंद्र सरकारच्या ग्रामीण विकास मंत्रालयाने २००९ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘आरसेटी’, उभारण्यास चालना दिली. इमारतीसाठी केंद्राचे अनुदान, जागेसाठी राज्य शासनाचे सहकार्य आणि संस्था चालविण्याची जबाबदारी बँकेकडे, अशी ही रचना आहे. संस्थेचे संचालकपद बँकेचा अधिकारी सांभाळतो. त्यामुळे कर्ज देणारा आणि धडा देणारा हे दोघेही एकाच छपराखाली आले.

कड्यांचा खेळ

आरसेटीच्या वर्गात पहिल्या काही दिवसांत जे चालते, ते पाहून नवख्याला आश्चर्य वाटेल. जमिनीवर एक खुंटी रोवलेली असते आणि प्रशिक्षणार्थींनी लांबून त्यावर कड्या टाकायच्या असतात. किती अंतरावरून टाकायच्या, हे ज्याचे त्याने ठरवायचे. काही जण खुंटीला खेटून उभे राहतात. कडी हमखास पडते, पण गुण नाममात्र मिळतात. काही जण ऐटीत फार दूर जातात आणि एकही कडी पडत नाही. मागच्या फेरीचा अनुभव जमेस धरून मधले अंतर निवडणारे थोडे असतात. मॅक्लेलंड यांनी सिद्धिप्रेरणेच्या अभ्यासात वापरलेला हा खेळ आजही तितकाच बोलका आहे. पहिल्याच वर्षी क्षमतेबाहेरचे कर्ज मागणारा आणि संधी समोर असतानाही दुकानाची पायरी न ओलांडणारा, अशा दोघांनाही आपले प्रतिबिंब त्यात दिसते.

दुसऱ्या एका खेळात डोळ्यांवर पट्टी बांधून लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायचा असतो. किती ठोकळे रचणार, हे आधी जाहीर करायचे आणि मग सोबत्यांच्या सूचनेवर विसंबून काम करायचे. ध्येय ठरविणे, कुटुंबाचे साहाय्य घेणे आणि कारागिराशी नीट बोलणे या तीनही गोष्टी व्याख्यानाशिवाय मनात उतरतात.

एका किलोचा हिशेब

प्रेरणेनंतर येते आकडेमोड, आणि छोट्या उद्योगाचे भवितव्य तेथेच ठरते. समजा, एक गृहिणी मसाले तयार करून किलोमागे ४०० रुपयांना विकते. कच्चा माल व पॅकिंग यांवर किलोमागे २८० रुपये खर्च होतात. म्हणजे प्रत्येक किलोमागे १२० रुपये हाती उरतात. जागेचे भाडे ६,००० रुपये, वीज ३,००० रुपये, मदतनीस बाईंचा पगार ९,००० रुपये आणि कर्जावरील व्याज २,००० रुपये, असा दरमहा २०,००० रुपयांचा स्थिर खर्च आहे. माल विकला जावो अथवा न जावो, हा खर्च चुकत नाही.

या हिशेबाने महिन्याला १६७ किलो मसाला विकला की खर्च भरून निघतो. १७० किलो विकणारी उद्योजिका ‘धंदा नफ्यात आहे’ असे समजते. प्रत्यक्षात तिच्या हाती उरतात ४०० रुपये, आणि तेच तिच्या महिनाभराच्या श्रमाचे मोल ठरते. स्वतःच्या श्रमाचे १०,००० रुपये तिने खर्चात धरले, तर ना नफा ना तोटा ही पातळी २५० किलोंवर जाते. कर्जाच्या मुद्दलाचा हप्ता तर त्याहीपलीकडच्या विक्रीतून काढावा लागतो. स्वतःच्या व घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत न धरणे ही आपल्याकडील घरगुती उद्योगांची सर्वांत जुनी चूक आहे. ती चोपडीत दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षे टिकून राहते.

दुसरी चूक घर आणि गल्ला एकत्र करण्याची. मुलाच्या शाळेची फी गल्ल्यातून जाते, तर कच्च्या मालाचे पैसे घरखर्चातून येतात. वर्षअखेरीस धंद्याने घर पोसले की घराने धंदा पोसला, हे कोणालाच सांगता येत नाही. यावरचा उपाय प्रशिक्षण वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगितला जातो. व्यवसायाचे स्वतंत्र बँक खाते उघडावे, रोजच्या जमाखर्चाची नोंद त्याच रात्री करावी आणि घरखर्चासाठी दरमहा ठरलेली रक्कम पगारासारखी उचलावी.

नफा आहे, रोकड नाही

याच उद्योजिकेची विक्री महिन्याला २५० किलो, म्हणजे १ लाख रुपयांची झाली, असे मानू. तिचा सर्व माल किराणा दुकानांत जातो आणि दुकानदार दोन महिन्यांनी पैसे देतात. पहिला रुपया हाती पडेपर्यंत कच्चा माल, पॅकिंग व स्थिर खर्च मिळून तिला १,८०,००० रुपये पदरचे घालावे लागतील. मागणी वाढली तर ही रक्कम आणखी वाढेल. चांगला चाललेला उद्योग ऐन भरात अडतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

यासाठी लागते खेळते भांडवल. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीने १९९२ साली लघुउद्योगांसाठी एक सुटसुटीत सूत्र सुचविले. वार्षिक अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के रक्कम ही खेळत्या भांडवलाची गरज मानावी. त्यापैकी विक्रीच्या २० टक्के बँकेने द्यावी आणि ५ टक्के उद्योजकाने स्वतः उभी करावी. वर्षाला १२ लाख रुपयांची विक्री असेल, तर गरज ३ लाखांची. त्यात बँकेचे २ लाख ४० हजार आणि उद्योजिकेचे ६० हजार. यंत्रासाठी कर्ज मागताना या रकमेचा विचारच न करणारे अर्जदार पुष्कळ असतात. मग यंत्राच्या कर्जातील पैसा मालात अडकतो, अथवा सावकाराचे दार ठोठावावे लागते.

वसुलीला कायद्याचाही आधार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे ठरलेल्या मुदतीत आणि अधिकाधिक ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. मोठ्या कंपनीला माल पुरविणाऱ्याला याचा उपयोग होतो. परंतु कोपऱ्यावरच्या वाण्याविरुद्ध कोणी तक्रार करीत नाही, कारण उद्या पुन्हा त्याच्याच दुकानात माल ठेवायचा असतो. म्हणून कोणाला किती उधारी द्यायची आणि जुने येणे चुकते झाल्याशिवाय नवा माल द्यायचा की नाही, हे आधीच ठरविणे शहाणपणाचे.

म्हसवडची आकडेमोड

हे शिक्षण घेण्यासाठी शालेय शिक्षण किती हवे? सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यातील म्हसवडच्या महिलांनी याचे उत्तर दिले आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने या महिलांनी स्वतःची बँक काढण्याचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक सदस्या निरक्षर असल्याच्या कारणास्तव परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला. महिलांनी साक्षरतेचे धडे गिरविले. काही महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या आणि कोणत्याही रकमेवरील व्याज आम्ही तोंडी काढून दाखवितो, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे ग्रामीण स्त्रियांसाठी व्यवसाय शिक्षणाची शाळा निघाली, आणि ज्यांना म्हसवडपर्यंत येणे शक्य नव्हते, त्यांच्या गावी ही शाळा बसमधून पोहोचू लागली. बाजारात रोज घासाघीस करणाऱ्या स्त्रीला गणित येतच असते. ते कागदावर मांडण्याची सवय तेवढी लावावी लागते.

प्रमाणपत्राच्या पुढे

प्रशिक्षणाने प्रत्येक उद्योग यशस्वी होतो, असा दावा कोणी करू नये. ज्या गावात आधीच चार ब्युटी पार्लर आहेत, तेथे पाचव्याला प्रशिक्षणही तारू शकत नाही. प्रमाणपत्र हाती आल्यानंतर कर्जमंजुरीस सहा महिने लागले, तर शिकलेले विसरते आणि उमेदही ओसरते. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाने अनुदानासोबत प्रशिक्षणाची सांगड घातली. परंतु अनुदानाची अट म्हणून बसलेला आणि शिकण्यासाठी बसलेला, या दोन विद्यार्थ्यांत अंतर राहतेच.

म्हणूनच उजिरेच्या पद्धतीतील पाठपुराव्याचे महत्त्व मोठे आहे. पहिला हप्ता चुकण्यापूर्वी शाखेतील अधिकाऱ्याने दुकानाला दिलेली एक भेट नंतरच्या अनेक नोटिसांहून अधिक उपयोगी पडते. उधारीची वही, शिल्लक माल आणि खात्यातील उलाढाल या तीन गोष्टी पाहिल्या, तरी उद्योगाची प्रकृती ध्यानात येते.

ग्राहकानेही शाखेत येताना यंत्राच्या दरपत्रकासोबत आपल्या एका किलोचा, एका नगाचा किंवा एका दिवसाचा हिशेब आणावा. तो मांडताना एखाद्याला हा व्यवसाय आपल्यासाठी नाही, असे उमगले आणि त्याने कर्जाचा विचार सोडून दिला, तर तेही शिक्षणाचेच फलित मानावे. त्याचे घर कर्जातून वाचते आणि बँकेची रक्कम दुसऱ्या कष्टाळू हाताच्या उपयोगी पडते. आणि ज्याचा हिशेब जुळतो, त्याच्याजवळ गहाण ठेवण्यासारखे काही नसले, तरी तो रिकाम्या हाताने आलेला नसतो.