मुका अ‍ॅम्प्लिफायर आणि अडीच हजार वेढे

गावात सप्ताह बसलाय. देवळावर कर्णा बांधलाय, टाळ-मृदंग तयार आहेत. पण भजनी मंडळाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर काही बोलेना! आतले काचेचे व्हॉल्व्ह नारंगी उजळतात, आवाज मात्र नाही. "द्या भंगारात!" असं कुणीतरी म्हणतंच. पण वर्गणीत नवा सेट यायचा कसा?

थांबा, घाई नको. आधी दुखणं शोधू या.

तीन टोकांचा व्हॉल्व्ह अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये बनवला. आपल्याकडे बेंगळुरूच्या 'भारत इलेक्ट्रॉनिक्स'मध्येही व्हॉल्व्ह बनत. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि हळूहळू व्हॉल्व्हचे सेट मागे पडले. व्हॉल्व्ह आजही चीन, रशियात तयार होतात. पण तुमच्या सेटचा नेमका आउटपुट ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळेलच असं नाही. मग काय करायचं? तो बनवायचा!

या ट्रान्सफॉर्मरचं काम काय? व्हॉल्व्हला साधारण ५,००० ओहमचा भार हवा असतो, आणि स्पीकर असतो अवघा ८ ओहमचा. दोघांची जोडी जमवणारा मध्यस्थ म्हणजे ट्रान्सफॉर्मर. ५,००० ला ८ ने भागा : ६२५. त्याचं वर्गमूळ २५. म्हणजे स्पीकरकडे १०० वेढे असतील, तर व्हॉल्व्हकडे २,५०० हवेत. पाहिलंत? शाळेतलं वर्गमूळ इथं कामाला आलं!

हा ट्रान्सफॉर्मर जळतो कसा? बऱ्याचदा आपल्याच चुकीनं. स्पीकरची तार सुटलेली असताना सेट मोठ्यानं चालवला, तर आतल्या वेढ्यांत व्होल्टेज भलतंच चढतं आणि तारेवरचं इनॅमल फुटतं.

आता नांदेड, लातूर, उदगीर, कुठंही जा. विहिरी-बोअरच्या मोटारी 'रिवाइंडिंग' करणारी दुकानं दिसतीलच. वेढे घालायची कला आपल्या मातीत मुरलेली आहे. इथं तार मात्र केसासारखी बारीक लागते. कारागीर आधी जुना ट्रान्सफॉर्मर उकलतो. उकलतानाच वेढे मोजतो, तारेचा गेज मापतो, कुठल्या थरावर कागद होता ते वहीत लिहितो. मग बॉबिनवर नवे वेढे. मधेच कुणी हाक मारली आणि मोजणी चुकली, की झालं! म्हणून दर शंभर वेढ्यांना वहीत एक रेघ.

खरी गोम पुढंच आहे. गाभ्याच्या लोखंडी पट्ट्या इंग्रजी 'ई' आणि 'आय' या अक्षरांच्या आकाराच्या असतात. विजेच्या साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये त्या उलटसुलट गुंफतात. पण एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या सेटमध्ये सगळ्या 'ई' एका बाजूला, सगळ्या 'आय' दुसऱ्या बाजूला ठेवून मधे कागदाची चिंधी घालावी लागते. कारण तिथल्या वेढ्यांतून एकाच दिशेचा प्रवाह सतत वाहतो. फट नसेल तर लोखंड चुंबकत्वानं भरून जातं आणि आवाज फाटतो. एवढासा कागद, पण भजनाचा गोडवा त्याच्यावर!

शेवटी वॉर्निशमध्ये बुडवून वाळवायचं, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. असा सेट स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठून राहू शकते, आणि ती जीव घेऊ शकते. आई-बाबांनो, हे तुम्हालाही सांगणं आहे. दुरुस्ती जाणकारानंच करावी. तुम्ही शेजारी बसून वेढ्यांच्या रेघा ओढा.

जाता जाता एक कोडं : व्हॉल्व्हला ३,२०० ओहमचा भार हवा, स्पीकर ८ ओहमचा. स्पीकरकडे १०० वेढे असतील, तर व्हॉल्व्हकडे किती?

(उत्तर : २,०००)