वानप्रस्थ कीं वृद्धनिवास?

गृहस्थानें वनांत केव्हां जावें, हें मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत सांगितलें आहे. अंगास सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि अपत्याचें अपत्य पाहिलें, म्हणजे जावें. पत्नीस मुलांच्या स्वाधीन करावें किंवा सोबत न्यावें. पुण्याच्या ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांच्या वसाहती म्हणजे आजचें वनच, असें कोणी म्हणेल.

त्यांचे लाभ उघड आहेत. न्हाणीघरांत धरावयास दांडा, हांकेसरशीं येणारी परिचारिका, आयतें जेवण, समवयस्कांची सोबत. मुलें परदेशीं असलेल्या दांपत्यास हें थोडें नव्हे. उणीवही तितकीच खरी. तेथें नातवंडांचा गलबला नाहीं. सर्वच पिकलीं पानें, तेव्हां गळतीही वारंवार पाहावी लागते. शिवाय मासिक शुल्क वाढत जातें, ठेवींचें व्याज वाढेलच असें नाहीं.

आमच्या मतें कसोटी एकच: वडील स्वतः जातात कीं पाठविले जातात? मनूनें जाणाऱ्यास सांगितलें आहे, पाठविणाऱ्या मुलांस नव्हे. म्हणून जाणाऱ्यानें प्रथम महिनाभर राहून पाहावें. अंथरुणास खिळल्यावर शुश्रूषा होईल कीं खोली सोडावी लागेल, हें करारांत वाचावें. राहतें घर मुलांच्या नांवें करण्याची घाई करूं नये. केलेंच, तर सांभाळाची अट दानपत्रांत स्पष्ट लिहावी. ती मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ अन्वयें न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते. परतावयास स्वतःचें घर असलें, म्हणजे तेथील वास्तव्यही सुखाचें होतें.