सहा चाकांचा ट्रक, सी-विंगमध्ये बांधलेला



"डिफरन्शियल म्हणजे काय?" हा ऑटोमोबाइलच्या ओरलमधला हक्काचा प्रश्न. उत्तर सगळ्यांना पाठ असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना म्हणजे डिफरन्शियल. दोन मार्क पदरात! पण पुढचा प्रश्न आला की घसा कोरडा पडतो. "मग एक चाक चिखलात गरगर फिरत असताना दुसरं कोरड्या जमिनीवरचं चाक ढिम्म का उभं राहतं?" आणि त्याच्याही पुढचा, "मग सहाही चाकांना ओढ असलेला लष्करी ट्रक तिथून बाहेर कसा पडतो?"

लॅबमधलं कट-सेक्शन काचेच्या पेटीत असतं आणि पेटीवर 'हात लावू नये' अशी पाटी असते. आता हात न लावता गिअर कसा कळणार? म्हणून आम्ही चार जणांनी मेसच्या बिलातून वाचवलेले पैसे एकत्र केले आणि १/१६ मापाच्या, रेडिओवर चालणाऱ्या सहा चाकी ट्रकचा सुटा किट मागवला. तयार ट्रकही मिळत होता, पण तयार आणला असता तर ते खेळणं झालं असतं. हा लेख त्या किटने आम्हाला जे शिकवलं त्याबद्दल आहे.

माप लहान झालं की काय बदलतं?

आमचं मॉडेल रशियाच्या मियास गावात बनणाऱ्या उरल-४३२० या ट्रकसारखं दिसतं. खरा उरल १९७७ पासून बनतो, लांबी साधारण ७.४ मीटर, रिकामं वजन सुमारे ८ टन. त्याच्या आधीचा उरल-३७५ आपल्या लष्कराला चांगला परिचयाचा, कारण ग्राद रॉकेट लाँचर मुळात त्याच्याच पाठीवर बसवलेला होता.

७.४ मीटरला १६ ने भागलं की ४६ सेंटिमीटर येतात. वजन मात्र १६ ने भागायचं नाही! घनफळ लांबीच्या घनाप्रमाणे बदलतं, म्हणून भागायचं ४०९६ ने. ८००० किलो भागिले ४०९६ म्हणजे जेमतेम २ किलो. आमचा ट्रक बॅटरीसकट साधारण तेवढाच भरला.

आता गंमत पाहा. गुरुत्वाकर्षण काही १६ पटीने लहान होत नाही. उंची १/१६ झाली तर पडायला लागणारा वेळ १/४ होतो, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणून छोटा ट्रक दगडावरून उतरताना टुणकन उडतो आणि खेळण्यासारखा दिसतो. त्याचाच व्हिडिओ चार पट संथ करून बघा, एकदम आठ टनी धूड डोलत चालल्यासारखं वाटेल! याच हिशेबाने खऱ्या ट्रकचा ताशी ४० किलोमीटर वेग मॉडेलमध्ये १० ला 'खरा' दिसतो. आणि खडकाळ वाटेवर खरा ट्रक जाणार ताशी ५ ते १० ने, म्हणजे मॉडेल माणसाच्या चालीपेक्षाही हळू हवं. थोडक्यात काय, या छंदात वेगाला किंमत नाही, ओढीला आहे.

मोटार ते चाक

किटमधली छोटी ब्रश मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते. हिशेबासाठी १५,००० धरा. चाकाचा व्यास ७ सेंटिमीटर, म्हणजे परीघ २२ सेंटिमीटर. ताशी ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३९ सेंटिमीटर, चाकाचे सेकंदाला ६.३ आणि मिनिटाला सुमारे ३८० फेरे. १५,००० भागिले ३८० म्हणजे अंदाजे ४०. मोटारीच्या ४० फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा, असं गिअर प्रमाण हवं. त्यातला काही भाग गिअरबॉक्समध्ये पडतो आणि काही ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियनमध्ये.

ही ओढ पुरेल का? ३० अंशांच्या चढावर २ किलोच्या ट्रकला मागे खेचणारं बल ९.८ न्यूटन. चाकाची त्रिज्या ०.०३५ मीटर, म्हणून सगळ्या चाकांना मिळून ०.३४ न्यूटन-मीटर टॉर्क हवा. ४० ने भागा, गिअरमध्ये ४० टक्के वाया जातं असं धरा, मोटारीच्या वाट्याला येतात सुमारे १४ मिलिन्यूटन-मीटर. अंगठ्याएवढ्या मोटारीला हे झेपतं.

पण मोटारीला झेपलं म्हणजे ट्रक चढलाच असं नाही. ३० अंशांचा टॅन ०.५८ येतो. रबर आणि जमीन यांच्यातला घर्षणांक त्याहून कमी असेल तर टॉर्क कितीही असो, चाकं जागच्या जागी फिरणार. आणि सहा चाकांचं खरं महत्त्व इथे कळतं. सहाही चाकांना ओढ असेल तर ट्रकचं सगळं वजन पकडीसाठी कामी येतं. फक्त मागच्या चार चाकांना ओढ असेल आणि त्यांच्यावर दोन-तृतीयांश वजन असेल, तर त्याच चढाला ०.५८ ऐवजी ०.८७ घर्षणांक लागेल. (चढावर वजन मागे सरकतं ते इथे बाजूला ठेवलंय. ढोबळ हिशेब आहे, जर्नलमध्ये उतरवू नका!)

मेसच्या मागे बांधकामाचा वाळूचा ढीग आहे. तिथे ट्रक अर्ध्यावर जाऊन रुतला. मोटार दमली नव्हती, चाकाखालची वाळूच खाली सरकत होती. कोरडी वाळू स्वतःच्या ढिगावर आधीच घसरायच्या बेतात बसलेली असते, तिने ट्रकला आधार द्यावा कुठून? हॉस्टेलच्या पायरीशेजारच्या सिमेंटच्या उतारावर मात्र तोच ट्रक झोकात वर गेला.

जोडणी : ॲक्सलपासून सुरुवात

पाकिटं एकदम फोडू नका. एक पाकीट, एक ताट. मेसची स्टीलची ताटं या कामाला उत्तम, स्क्रू घरंगळून पलंगाखाली जात नाहीत. प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवायचा, 'टक्' असं जाणवलं की तो जुन्या आट्यात बसला, मग सुलटा पिळायचा. ही युक्ती आम्हाला वर्कशॉपच्या मामांनी शिकवली. आटे पकडणारं निळं लॉकिंग द्रव फक्त धातूत जाणाऱ्या स्क्रूला लावायचं, प्लॅस्टिकला लागलं तर ते तडकू शकतं.

तीन ॲक्सल असतात. पुढचा वळणारा, मधला आणि मागचा. मधल्याची रचना सगळ्यात देखणी. गिअरबॉक्सकडून आलेला शाफ्ट त्याच्या डोक्यातून आरपार जातो, जाताना मधल्या चाकांना ओढ देतो आणि तसाच पुढे मागच्या ॲक्सलला जाऊन मिळतो. त्यामुळे एका शाफ्टवर दोन ॲक्सल चालतात.

आता ओरलचा प्रश्न. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. हे वाक्य नीट वाचा, 'सारखाच'. एक चाक हवेत असेल तर त्याला फिरवायला टॉर्क लागतच नाही, म्हणून दुसऱ्यालाही जवळजवळ शून्यच मिळतो. ही काही डिफरन्शियलची लबाडी नाही, तो त्याचा स्वभाव आहे. जोडलेला ॲक्सल हातात धरा, एक चाक मोकळं सोडा, दुसरं बोटांनी दाबून धरा आणि शाफ्ट फिरवा. बोटांना काहीच जोर जाणवत नाही. हे एकदा जाणवलं की जन्मात विसरत नाही.

आमच्या मॉडेलमध्ये तिन्ही ॲक्सल एकमेकांना गिअरने पक्के बांधलेले आहेत. खऱ्या उरलमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलांच्या मध्येही एक डिफरन्शियल असतं आणि ते ड्रायव्हरला लॉक करता येतं. पक्कं बांधलेलं असेल तर एक ॲक्सल निकामी झाला तरी उरलेले दोन ओढत राहतात. चार चाकी गाडीत पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक उचललं गेलं की खेळ खलास. सहा चाकीला अडकवायला तिन्ही ॲक्सलांवर एकेक चाक एकाच वेळी निकामी व्हावं लागतं. ट्रक बाहेर पडतो तो यामुळे!

मग डिफरन्शियल लॉकच करून टाकावं की? मागचे दोन ॲक्सल आम्ही लॉक करून पाहिले. मातीत ट्रक रणगाड्यासारखा गेला, पण कॉरिडॉरच्या फरशीवर वळेना, टायर करकरायला लागले. एकतर आतलं आणि बाहेरचं चाक एकाच वेगाने फिरायला लागतं. त्यात मधला आणि मागचा ॲक्सल समांतर असल्यामुळे दोघांना वळणाचा एकच मध्य सापडूच शकत नाही, थोडं घासणं ठरलेलंच. मातीत जमीन सरकते आणि सांभाळून घेते. फरशी सरकत नाही, तिथे तो ताण गिअरच्या दातांवर येतो.

शाफ्टचा थरकाप

ट्रक जोडून झाला आणि हळू चालवताना तो थरथरायला लागला. सोबतच्या पत्रकात काहीच सापडेना. शेवटी माझ्या रूममेटने पुस्तक उघडलं. कोनात असलेला एक युनिव्हर्सल जॉइंट वेग जसाच्या तसा पुढे देत नाही. ३० अंशांच्या कोनात पुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा १५ टक्के पुढे धावतो आणि दोनदा १३ टक्के मागे पडतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट हा चढउतार पुसून टाकतो, पण केव्हा? मधल्या शाफ्टवरचे दोन्ही काटे एकाच पातळीत असतील आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील तेव्हाच. किटमधला शाफ्ट दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा. तो ९० अंश फिरवूनही बसतो आणि कसा बसवायचा हे पत्रकात दाखवलेलंच नव्हतं. काटे एका रेषेत आणले आणि थरकाप गेला. रस्त्यावरच्या ट्रकचा शाफ्ट सोडताना मेकॅनिक त्यावर खडूची खूण का करतो, ते त्या दिवशी कळलं.

पाटे आणि तोल

खरा पाटा वजनाने १० सेंटिमीटर दबत असेल तर मॉडेलचा ६ मिलिमीटर दबायला हवा. आमचा मुळीच दबत नव्हता. प्रत्येक गड्डीतली एकेक पट्टी काढली, तेव्हा चाकं जमिनीला धरून चालायला लागली. बॅटरी पुढे आणि शक्य तेवढी खाली ठेवा, चढावर पुढचं तोंड उचललं जात नाही. चाकांमधलं अंतर १२ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ८ सेंटिमीटरवर असेल तर ट्रक सुमारे ३७ अंशांच्या बाजूच्या उतारावर कलंडतो. गुरुत्वमध्य फक्त १ सेंटिमीटर खाली आणला तर हाच आकडा ४० च्या वर जातो. टपावर जड सामान लादणाऱ्या जीपवाल्यांनी हे वाचावं!

रेडिओ आणि बॅटरी

आताचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्यामुळे जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या दिवसांसारखं एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी वळत नाही. रिसीव्हर स्टिअरिंगच्या सर्व्होला सेकंदाला ५० वेळा एक स्पंद पाठवतो. स्पंद १.५ मिलिसेकंदांचा असेल तर सर्व्हो मधोमध, १ चा असेल तर एका टोकाला आणि २ चा असेल तर दुसऱ्या. म्हणून आधी रेडिओ चालू करून सर्व्हो मध्यावर आणायचा आणि मगच त्याचा दांडा बसवायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लिथियम बॅटरी आणि हॉस्टेल. मागच्या वर्षी दुसऱ्या विंगमध्ये एक पॅक चार्जिंगला लावून मुलं जेवायला गेली. परत आली तेव्हा पॅक उशीसारखा फुगला होता आणि तो गादीवर होता. नशीब म्हणून निभावलं. रेक्टर सर सगळ्या बॅटऱ्या बंदच करणार होते आणि त्यांचं काही चुकत नव्हतं, वरच्या मजल्यावर ऐंशी मुलं झोपतात. आम्ही नियम लिहून त्यांच्याकडे गेलो. चार्जिंग फक्त कॉमन रूममध्ये, फरशीवर, मातीच्या कुंडीत. दोन्ही सेल समान ठेवणाराच चार्जर. १५०० मिलिॲम्पिअर-अवरच्या पॅकला १.५ ॲम्पिअरपेक्षा जास्त करंट नाही. एका सेलचा दाब ४.२ व्होल्टच्या वर नाही आणि ३ च्या खाली गेलेला पॅक पुन्हा चार्ज करायचा नाही. फुगलेला पॅक बाद. आणि चार्जिंग संपेपर्यंत एकाने समोर बसायचं, जेवणाची घंटा झाली तरी! सरांनी कागद दोनदा वाचला, खाली सही केली आणि तो नोटीस बोर्डावर लावला.

शेवटी एवढंच

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं आणि त्यातून बाहेर आलेल्या प्रज्ञानलाही सहाच चाकं होती. तिथे प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटार, त्यामुळे ना शाफ्ट ना डिफरन्शियल, पण एक चाक अडलं तर बाकीच्यांनी ओढायचं हे तत्त्व तेच. सहा चाकांवर विचार करायला शिकलेला माणूस पुढे कुठेही जाऊ शकतो.

आम्ही चौघे मे महिन्यात हॉस्टेल सोडतोय. ट्रक घरी कोणी न्यायचा यावर चिठ्ठ्या टाकायचं चाललं होतं, पण शेवटी तो इथेच ठेवायचं ठरलं. कॉमन रूमच्या कपाटात आहे, शेजारच्या डब्यात जास्तीचे गिअर, पाने आणि काढलेल्या पट्ट्या. किल्ली रेक्टर सरांकडे मिळेल. त्याच्यावर पाटी नाही. ज्युनिअर्सनी तो खुशाल सुटा करावा, बिघडवावा, दात मोजावेत. अट एकच, शेवटचा स्क्रू जागेवर गेल्याशिवाय कपाट बंद करायचं नाही.