शेतीतली डॉक्टरेट : वागेनिंगनचे वार्तापत्र

नेदरलँड्समधील वागेनिंगन विद्यापीठात पीएचडी करणारा माणूस बहुतेक वेळा विद्यार्थी नसतो, तो विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. राहुरी, अकोला, दापोली किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. झालेली मुले इकडची चौकशी करतात तेव्हा पहिला प्रश्न फी किती हा असतो आणि दुसरा प्रवेश परीक्षा कोणती. कर्मचारी म्हणून येणाऱ्याला फी नाही आणि प्रवेश परीक्षा तर कोणालाच नाही. एखाद्या प्राध्यापकाच्या गटाला प्रकल्पाचा निधी मिळतो, जागेची जाहिरात निघते, अर्ज येतात, मुलाखती होतात आणि नेमणूक होते. करार चार वर्षांचा असतो, पण तो दोन तुकड्यांत दिला जातो. आधी दीड वर्षाचा आणि काम बरे चालले असेल तर पुढच्या अडीच वर्षांचा. पगार देशातल्या सगळ्या विद्यापीठांसाठी झालेल्या सामूहिक वेतनकरारावरून ठरतो. सुरुवातीला तो कर कापण्यापूर्वी महिन्याला सुमारे 3000 युरो असतो. शिवाय मे महिन्यात वर्षाच्या पगाराच्या आठ टक्के सुट्टीभत्ता मिळतो, वर्षअखेरीस आणखी एक रक्कम मिळते आणि पेन्शनची वर्गणीही भरली जाते. मार्गदर्शकाला हा पगार वाढवता येत नाही, आणि नाराज झाला म्हणून अडवताही येत नाही.

सगळ्यांचेच असे भाग्य नसते, हेही सांगायला हवे. चीन, इंडोनेशिया, आफ्रिकेतील देश इथून बरेच जण आपापल्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर येतात. त्याच खोलीत, शेजारच्या टेबलावर, तेच काम करणाऱ्या दोघांच्या हातात वेगवेगळी रक्कम पडते. ही विषमता डच विद्यापीठांनी अजून सोडवलेली नाही, आणि त्यांच्यासारख्या समतेचा आग्रह धरणाऱ्या समाजाला ती शोभत नाही.

वागेनिंगन हे ऱ्हाईनच्या काठावरचे चाळीसेक हजार वस्तीचे गाव. सरकारी कृषी शाळा इथे 1876 मध्ये निघाली आणि 1918 मध्ये तिला उच्च शिक्षणसंस्थेचा दर्जा मिळाला. पुण्यात शेतीचे वर्ग 1879 मध्ये सुरू झाले. म्हणजे दोन्हीकडच्या कृषिशिक्षणाचे वय जवळजवळ सारखेच. डच विद्यापीठांत हे एकच असे की ज्याचा पैसा शिक्षण खात्याऐवजी परंपरेने कृषी खात्याकडून येत आला आहे. महाराष्ट्रातली चारही कृषी विद्यापीठे राज्याच्या कृषी खात्याशी बांधलेली आहेत, तेव्हा याबाबतही फार अंतर नाही. अंतर पडते ते पुढे, संशोधन करणाऱ्याच्या रोजच्या दिवसात.

वागेनिंगनमध्ये पहिल्या काही महिन्यांत संशोधनाचा सविस्तर आराखडा लिहावा लागतो. तो गटाबाहेरच्या तज्ज्ञांकडे परीक्षणाला जातो. सोबत प्रशिक्षण आणि मार्गदर्शनाची लेखी योजना होते. त्यात उमेदवार कोणते अभ्यासक्रम करणार आणि मार्गदर्शक किती वेळा भेटणार, हे सह्यांनिशी नोंदले जाते. अभ्यासक्रमांचा भार थोडा असतो, साधारण 30 युरोपीय श्रेयांक, म्हणजे जेमतेम पाच महिन्यांचे काम. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या नव्या अभ्यासक्रमातही पीएचडीच्या 100 श्रेयांकांपैकी 75 संशोधनालाच दिलेले आहेत, त्यामुळे कागदावर आपण मागे नाही. मात्र दीड वर्षाच्या आत इथे जी बैठक होते तिच्यासारखे आपल्याकडे काही घडत नाही. काम पुढे न्यायचे की इथेच थांबवायचे, याचा निर्णय त्या बैठकीत खरोखर होतो. थांबवलेल्या माणसाला वाईट वाटतेच, पण त्याची सहा-सात वर्षे तरी जात नाहीत. महाराष्ट्रात पूर्वपरीक्षा होते, सल्लागार समितीच्या सह्या होतात, पण ‘तुझा हा विषय उभा राहत नाही, बदल’ असे वेळेवर सांगणारे फार थोडे भेटतात.

आता शेतावरचे काम. वागेनिंगन विद्यापीठाचा युनिफार्म नावाचा विभाग आहे. प्रयोगाची शेते, काचगृहे आणि नियंत्रित हवामानाच्या खोल्या त्याच्या ताब्यात असतात. उमेदवार प्रयोगाची मागणी नोंदवतो. वाफे किती, वाण कोणते, खत कधी, पाणी किती, हे तो लिहून देतो. पेरणी, तणनियंत्रण, पाणी, काढणी ही कामे तिथले अनुभवी तंत्रज्ञ करतात आणि खर्च प्रकल्पावर पडतो. मोजमापे घेणे, नमुने काढणे, पानांचे क्षेत्र मोजणे ही कामे उमेदवाराची. उन्हाळ्यात तोही दिवसदिवस शेतात वाकलेला दिसतो, पण तो संशोधनाचे काम करत असतो, मजुरांची जमवाजमव नव्हे.

आपल्या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर खरिपात पीएचडीच्या मुलाची सकाळ मजूर मिळतील का या विवंचनेने सुरू होते. जवळच्या गावात सोयाबीनची खुरपणी लागली की रोजंदारीवर कोणी येत नाही. मग मुलगा, त्याचे दोन कनिष्ठ मित्र आणि सुट्टीला आलेला भाऊ मिळून वाफे खुरपतात. खताची पोती स्वतःच्या मोटारसायकलवर आणली जातात. बोअरची मोटर जळाली तर दुरुस्तीचा कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरतो आणि तोवर पीक सुकते. रात्री रानडुकरे प्लॉटमध्ये शिरतात म्हणून राखण करावी लागते. एवढ्यातून निघालेल्या आकड्यांवर तीन वर्षांचे निष्कर्ष उभे राहतात. शिष्यवृत्ती महिनोन्महिने येत नाही, तेव्हा मेसचे पैसे घरून मागवावे लागतात आणि घरी तर शेतीच असते. या मुलांच्या कष्टांना वागेनिंगनमध्ये तोड सापडणार नाही. म्हणूनच ते कष्ट चुकीच्या जागी खर्च होताना पाहून जीव तळमळतो. बुद्धीची कमतरता कुठेही नाही. कमतरता आहे ती दहा वाफ्यांमागे एका कायम तंत्रज्ञाची, आणि विद्यापीठातल्या शेकडो रिकाम्या जागा भरण्याच्या इच्छेची.

वागेनिंगनमध्ये संशोधकाच्या वेळेला किंमत आहे, त्यामागे पैशाचे कारणही आहे. डच विद्यापीठांच्या सरकारी अनुदानाचा काही भाग पूर्ण झालेल्या डॉक्टरेटच्या संख्येवर ठरतो. प्रबंध रेंगाळला तर विद्यापीठाला झळ बसते, म्हणून मार्गदर्शकालाही घाई असते. तरीही बहुतेकांची चार वर्षे पुरत नाहीत. पगार थांबतो आणि शेवटचे प्रकरण बेकारभत्त्यावर लिहिले जाते. हे इथले उघड गुपित आहे.

मार्गदर्शकाशी असलेले नाते पाहून घरच्या वाचकाला सर्वांत जास्त नवल वाटेल. जगभर नाव असलेल्या प्राध्यापिकेला पहिल्या नावाने हाक मारली जाते. आठवड्याला किंवा पंधरवड्याला तासाभराची भेट ठरलेली असते, तिची विषयपत्रिका उमेदवार पाठवतो आणि टिपणही तोच लिहितो. नव्याने आलेला मराठी मुलगा या भेटीत सुरुवातीला मान डोलावत राहतो आणि मार्गदर्शक अस्वस्थ होतात, कारण त्यांना विरोध हवा असतो. ‘सर म्हणाले’ हे इथे कारण ठरत नाही. उलट डच माणसाचे रोखठोक बोलणे आपल्या मुलाला अपमानास्पद वाटते. प्रकरणाच्या मसुद्यावर ‘हे कंटाळवाणे आहे’ असा शेरा येतो, तो माणसावर नसून मजकुरावर आहे हे उमजायला वेळ जातो. मात्र आपल्याकडच्या नात्यात जी माया असते ती इथे नाही. आपल्याकडे गाइड विद्यार्थ्याच्या लग्नाला येतात, त्याच्या वडिलांच्या दवाखान्याची चौकशी करतात, नोकरीसाठी चार फोन करतात. इथे पाच वाजले की प्राध्यापक सायकल काढून घरी जातात आणि मागे राहिलेल्या परदेशी मुलाच्या एकटेपणाची दखल घेण्यासाठी एक वेगळा समुपदेशक नेमलेला असतो.

वागेनिंगन म्हणजे काचगृहातले टोमॅटो, असा आणखी एक समज आहे. पण शेती आणि ग्रामीण समाज यांचा एकत्र अभ्यास ही या विद्यापीठाची तितकीच जुनी ओळख आहे. ई. डब्ल्यू. हॉफस्टे यांनी 1946 पासून इथे ग्रामीण समाजशास्त्राचा विभाग उभा केला. एकाच भागातले, सारख्याच जमिनीचे शेतकरी वेगवेगळ्या धाटणीने शेती का करतात, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे यान डाउवे व्हान डर प्लुख यांनी तोच प्रश्न छोट्या शेतकऱ्याच्या टिकून राहण्यापर्यंत नेला. पीटर मोलिंगा यांचा 1998 चा वागेनिंगनमधला प्रबंध तर कर्नाटकातील तुंगभद्रेच्या डाव्या कालव्यावर आहे. शिरोभागाच्या शेतकऱ्याला पाणी मिळते आणि शेपटाकडच्याला मिळत नाही, यामागचे राजकारण त्यात उलगडले आहे. नीरेच्या किंवा जायकवाडीच्या कालव्याखाली ज्याची जमीन शेवटी आहे, त्याला हा प्रबंध परका वाटणार नाही.

या क्षेत्रात महाराष्ट्र मुळीच मागे नव्हता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली, जमिनीचे तुकडे आणि शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज मोजले आणि 1917 मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. हॉफस्टे यांच्या विभागाच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट. त्या गावात आज उंच इमारती आहेत. आणि आपल्या कृषी विद्यापीठांत ग्रामीण समाजाचा अभ्यास विस्तार शिक्षणाच्या विभागात उरला आहे. तिथे शेकडो प्रबंध एकाच साच्याचे निघतात. तंत्रज्ञानाचा स्वीकार किती टक्के, अडचणी कोणत्या, सूचना काय, आणि शेवटी सहसंबंधाचा तक्ता. गाव बदलते, तालुका बदलतो, प्रश्नावली तीच राहते. ज्या राज्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न इतकी वर्षे धगधगतो आहे, तिथल्या कृषी विद्यापीठांनी समाजशास्त्राला दुय्यम मानावे, हे फार खटकते.

उलट एक गोष्ट अशी आहे की जिथे वागेनिंगननेच महाराष्ट्राकडे पाहायला हवे. संशोधन, शेतकऱ्यांना सल्ला आणि शिक्षण या तिन्हींची सांगड हे डच शेतीच्या यशाचे जुने सूत्र होते. पण 1990 नंतर सरकारी सल्लासेवेचे खासगीकरण झाले. आता डच शेतकरी सल्ल्याचे पैसे मोजतो, आणि सल्लागार पुष्कळदा खाद्य, खत किंवा बियाणे विकणाऱ्यांशी जोडलेला असतो. विद्यापीठाचा उमेदवार शेतकऱ्याला सहसा सर्वेक्षणापुरता भेटतो. या तुटलेपणाचे परिणाम 2019 मध्ये दिसले. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मे महिन्यात नायट्रोजन उत्सर्जनाची सरकारी योजना रद्द ठरवली. उत्सर्जन घटवण्यासाठी पशुधन कमी करण्याची भाषा सुरू झाली आणि 1 ऑक्टोबरला हजारो ट्रॅक्टर हेगकडे निघाले. शेतकऱ्यांचा राग सरकारइतकाच आकडे मोजणाऱ्या शास्त्रज्ञांवरही होता. सुमारे 50 हजार शेतकरी असलेल्या देशात ही दरी पडली. महाराष्ट्रात दीड कोटी खातेदार आहेत, सरासरी जमीन सव्वा हेक्टरच्या थोडी वर आहे, आणि तरीही कृषी विज्ञान केंद्र, शिवार फेरी, चारही विद्यापीठांची मिळून दरवर्षी भरणारी संयुक्त संशोधन समिती, हे सगळे अजून उभे आहे. त्या समितीत शिफारस मंजूर होईपर्यंत शास्त्रज्ञाचा घाम निघतो. ही शिफारस शेतकऱ्यासाठी असते, याचे भान तिथे सुटत नाही. ते जपायला हवे.

दोन्हीकडचे चांगले एकत्र आणणारी एक वाट वागेनिंगनमध्ये आहे, तिला सँडविच पीएचडी म्हणतात. उमेदवार सुरुवातीचे काही महिने इथे राहून आराखडा आणि अभ्यासक्रम पुरे करतो, मधली दोनेक वर्षे मायदेशी प्रत्यक्ष शेतावर किंवा गावात काम करतो आणि लिखाणासाठी परत येतो. स्थानिक मार्गदर्शकही असतो. मराठी मुलांना ही वाट फारशी माहीत नाही. तिच्यासाठी शिष्यवृत्ती किंवा प्रकल्पनिधी आपणच शोधावा लागतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची नेताजी सुभाष आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती आणि राज्य सरकारच्या परदेश शिक्षणाच्या योजना यांच्या अटी त्यासाठी बारकाईने वाचाव्यात.

प्रबंध छापील पुस्तकाच्या रूपात येतो. मध्ये साधारण चार संशोधन प्रकरणे, पुढे प्रस्तावना, मागे एकत्रित चर्चा. त्यासोबत उमेदवाराला काही विधाने मांडावी लागतात. काही प्रबंधाबद्दल, काही विज्ञानाबद्दल आणि काही समाजाबद्दल. परीक्षक यांपैकी कशावरही प्रश्न विचारू शकतात. गव्हाच्या मुळांवर काम केलेल्याला लोकशाहीबद्दलचे आपले विधानही पेलावे लागते. परीक्षकांनी प्रबंध आधीच मान्य केलेला असतो, तरी जाहीर समारंभ होतो. झगे घातलेले प्राध्यापक ओळीने येतात, उमेदवाराच्या बाजूला त्याचे दोन सहायक उभे राहतात, सुमारे पाऊण तास प्रश्न चालतात आणि दंडधारी अधिकारी आत येऊन लॅटिनमध्ये वेळ संपल्याचे पुकारतो. मग अर्धे वाक्यही तिथेच सोडायचे असते. पदवी त्याच दिवशी हातात मिळते. समारंभाचे थेट प्रक्षेपण होते, त्यामुळे अहिल्यानगर किंवा यवतमाळमधले आईवडील तो घरी बसून पाहू शकतात. आपल्याकडे मौखिक परीक्षेसाठी बाहेरच्या परीक्षकाची तारीख मिळवण्यात महिने जातात आणि त्यांच्या मुक्कामाची, जेवणाची धावपळ विद्यार्थ्यालाच करावी लागते.

यातल्या पुष्कळ गोष्टी पैशाशिवाय होण्यासारख्या आहेत. भेटींची लेखी योजना, दीड वर्षाच्या आत प्रामाणिक निर्णय, मौखिक परीक्षेची आधी ठरलेली तारीख आणि परीक्षकांच्या सरबराईतून विद्यार्थ्याची सुटका, एवढे तर चारही विद्यापीठांना येत्या वर्षात करता येईल. शिष्यवृत्ती महिन्याच्या महिन्याला देणे आणि प्रक्षेत्रावर तंत्रज्ञ नेमणे याला पैसा लागेल, आणि तो राज्य सरकारने द्यावा.