माघाची थंडी आणि उबेची वाटणी

पौषातल्या थंडीचे सगळ्यांना कौतुक असते. ट्रंकेतले स्वेटर बाहेर निघतात, चौकाचौकांत शेकोट्या पेटतात, चहाच्या टपरीवर गर्दी वाढते. माघ लागला की हे कौतुक ओसरते. थंडी "जाते, जाते" म्हणते आणि जात नाही. दुपारी अंगातला स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो आणि पहाटे चारला तीच हवा हाडांत शिरते. घरात कोणाला खोकला, कोणाच्या टाचा फुटलेल्या, दहावी-बारावीच्या मुलांच्या डोक्यावर परीक्षा आणि घरधन्याच्या डोक्यावर उसनवारी. अशा दिवसांत साध्या बोलण्यावरूनही भांड्याला भांडे लागते.

आमच्या नागपुरात २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या थंडीची मोठी बातमी झाली. माघातल्या थंडीची बातमी होत नाही. पण टिनाच्या छपराखाली राहणाऱ्याला ती बरोबर कळते. आभाळ निरभ्र असले की दिवसभर तापलेली जमीन रात्रभर आपली ऊब वर सोडत राहते. टिनाचा पत्रा तर सूर्य मावळताच गार पडतो. म्हणून पहाटेची वेळ सर्वांत थंड. आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या समाजातील कितीतरी माणसे घराबाहेर पडतात. झाडू घेऊन निघालेला सफाई कामगार, पेपर टाकणारा पोरगा, रात्रपाळीचा चौकीदार, चार घरची धुणीभांडी करायला निघालेली आमची भगिनी. हिवाळ्याचे हे उरलेले दिवस अशा घरांनी थोड्या आनंदाने कसे काढावेत, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

तथागतांनी थंडी अंगावर मोजली

थंडीचे हे शेवटचे दिवस तथागतांच्या काळीही कठीण मानले जात. पाली साहित्यात त्यांना ‘अन्तरट्ठक’ असे नाव आहे. माघाचे शेवटचे चार आणि फाल्गुनाचे पहिले चार असे हे आठ दिवस, असा त्याचा अर्थ अट्ठकथेत दिलेला आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात या दिवसांतला एक प्रसंग आहे. राजगृहाहून वैशालीला जाताना तथागतांना वाटेत काही भिक्खू दिसले. कोणाच्या डोक्यावर चीवरांचे गाठोडे, कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या कमरेवर. इतका साठा बरा नव्हे, त्याला मर्यादा घातली पाहिजे, असे तथागतांना वाटले. पण मर्यादा किती? वैशालीच्या गोतमक चैत्यात ते या अन्तरट्ठकाच्या रात्री एका चीवरानिशी उघड्यावर बसले. पहिला प्रहर सरला तशी थंडी वाजली, त्यांनी दुसरे चीवर घेतले. मधला प्रहर सरल्यावर तिसरे घेतले. शेवटचा प्रहर संपून तांबडे फुटू लागले तेव्हा चौथे घेतले आणि थंडी वाजेनाशी झाली. त्यावरून त्यांनी नियम केला. संघाटी दुहेरी, वरचे चीवर एकेरी आणि अंतरवासक एकेरी, अशी तीन चीवरे भिक्खूला पुरेत. संघाटी दुहेरी असल्यामुळे अंगावर थर चारच पडतात.

या प्रसंगात आम्हाला दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. पहिली अशी की, दुसऱ्याला किती पांघरूण लागते हे तथागतांनी उबदार खोलीत बसून ठरविले नाही. त्यांनी थंडी स्वतःच्या अंगावर घेऊन मोजली. दुसरी गोष्ट अशी की, थंडीने कुडकुडत राहावे असे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. हव्यास नको तसे हालही नकोत, हाच मध्यम मार्ग.

थरांची ही गोष्ट आजच्या विज्ञानालाही धरून आहे. एका जाड पांघरुणापेक्षा दोन-तीन पातळ पांघरुणे पुष्कळदा जास्त ऊब देतात, कारण त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते आणि ती अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आपल्याकडे लोक वरून पांघरतात आणि खाली गार फरशीवर नुसती सतरंजी टाकतात. फरशी खालून ऊब शोषून घेते. सतरंजीखाली चटई, रिकामे पोते किंवा जुन्या वर्तमानपत्रांचे थर घालून पाहावेत. पैसा लागत नाही आणि झोप चांगली लागते.

चिंध्यांची ऊब

आमच्या घरांतली खरी श्रीमंती म्हणजे वाकळ. आजीचे जुने लुगडे, बाबांचे फाटलेले धोतर, ताईचा शाळेतला फ्रॉक, सगळे एकावर एक रचून धावदोऱ्याने शिवलेले. भिक्खूंचे चीवरही पूर्वी टाकून दिलेल्या कापडाचे तुकडे जोडूनच शिवले जाई. मगधातील बांध घातलेली भातशेते पाहून आनंदाने चीवराचा तुकड्या-तुकड्यांचा नमुना बसविला, हेही महावग्गातच आहे. तेव्हा वाकळीची लाज कशाला बाळगायची? बाजारातल्या चकचकीत ब्लँकेटसाठी हप्ते बांधून घेण्यापेक्षा दुपारच्या उन्हात चार बायांनी अंगणात बसून एक वाकळ घालावी. टाके पडता पडता सुखदुःखाच्या गोष्टी होतात. लेकीसुनांनाही हात बसतो. नातवाला "ही बघ, ही तुझ्या आज्याची बंडी" म्हणून दाखविता येते.

गृहस्थाची चार सुखे

सुखाची गोष्ट निघाली की आमच्यातले काही कार्यकर्ते कपाळाला आठ्या घालतात. समाजापुढे इतके प्रश्न असताना हुरडा-भरताच्या गप्पा कशाला, असे त्यांना वाटते. त्यांनी तथागतांनी अनाथपिंडिकाला सांगितलेली गृहस्थाची चार सुखे आठवावीत. कष्टाने आणि सचोटीने मिळविलेले आपल्याजवळ असणे हे एक सुख. ते स्वतः उपभोगणे आणि त्यातून सत्कर्म करणे हे दुसरे. कोणाचे देणे नसणे हे तिसरे. आणि काया, वाचा, मनाने निर्दोष असणे हे चौथे, सर्वांत मोठे. दारिद्र्याचे गोडवे धम्माने गायिले नाहीत. गृहस्थाला दारिद्र्य हे दुःखच आहे, असे तथागतांनी स्पष्ट सांगितले. म्हणून घामाच्या पैशातून विकत घेतलेल्या पावशेर बोरांचा आनंद हा चोरटा आनंद नाही. तो हक्काचा आहे. फक्त तो कर्ज काढून घेऊ नये.

आणि या दिवसांत स्वस्तातले सुख किती असते पाहा. तुरीच्या शेंगा असतात, हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या असतात, वाटाणा, गाजर, मेथी, पालक असतात. संध्याकाळी सतरंजीवर तुरीच्या शेंगांचा ढीग टाकावा आणि साऱ्या घराने सोलायला बसावे. पुरुषांनी आणि पोरांनीसुद्धा. सोलता सोलता निम्मे दाणे तोंडात जातात, जाऊ द्यावेत. उरलेल्यांची लसूण-मिरची वाटून झणझणीत भाजी होते. गावाकडे तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजतात, त्या भरताला धुराचा जो वास लागतो तो गॅसवर येत नाही. पण हिरवी मिरची आणि कांद्याची पात सढळ घातली तर शहरातले भरीतही भाकरीबरोबर गोड लागते. सोबत जवसाची चटणी. शेतावर नातेवाईक असतील तर एक रविवार हुरड्याला जावे. मुलांनी शेत पाहिलेले असावे. आपल्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्याच्या शेतात किती राबणूक केली, हेही तिथे बांधावर बसून सांगावे.

ऊन, गोष्टी आणि विहार

सकाळचे कोवळे ऊन हे या दिवसांतले दुसरे धन. म्हाताऱ्या माणसांची खाट उन्हात काढावी, पांघरुणे उन्हात घालावीत. रात्री त्या पांघरुणात शिरले की दुपारचे ऊन अंगाला लागल्यासारखे वाटते. फुटलेल्या टाचांना कोमट पाण्यात बुडवून, पुसून, खोबरेल तेल चोळावे. आजीच्या टाचांना नातवाने तेल चोळले तर तिच्या तोंडून गोष्टीही निघतात. १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. ते दीक्षाभूमीवर कसे आले, पांढरी साडी कुठून आणली, वाटेत काय खाल्ले, घरचे देव कोणत्या नदीत सोडले, हे या लांबलेल्या रात्री विचारून घ्यावे आणि एखाद्या वहीत उतरवून ठेवावे. पुढचा हिवाळा सर्वांनाच मिळेल असे नाही.

परीक्षेच्या मुलांसाठी वस्तीतील विहार संध्याकाळी उघडा ठेवावा. दारे बंद, खाली चटया, एक चांगला दिवा आणि नऊच्या सुमारास कोणाच्या तरी घरून आलेली आल्याच्या चहाची किटली. एवढ्यावर दहा-पंधरा मुले बसून अभ्यास करतात. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजी आंबेडकर पहाटे दोनच्या सुमारास भीमरावाला अभ्यासाला उठवीत असत. जागा अपुरी होती, पण ती वेळ वाटून वापरली गेली. ज्या घरात मुलाला कोपरा नाही, त्याचा कोपरा विहाराने व्हावे.

फसवी ऊब

येथे एक-दोन इशारे दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. थंडीचे निमित्त करून पुष्कळजण बाटली जवळ करतात. दारूने ऊब येते हा निव्वळ भ्रम आहे. तिच्यामुळे कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून वरून गरम वाटते. प्रत्यक्षात शरीरातली उष्णता लवकर बाहेर जाते. पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको, पण शरीरशास्त्रही तेच सांगते. दुसरे असे की, कोळशाची शेगडी पेटवून बंद खोलीत कधीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. पाणी तापविण्याचा रॉड बादलीत असताना पाण्यात बोट घालून पाहू नये. आधी बटण बंद करावे, रॉडची पिन काढावी, मगच पाण्याला हात लावावा. लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नये.

ऊब कोणाच्या वाट्याला?

आता मुख्य मुद्दा. वस्त्यांतून फिरताना आम्ही एक साधा प्रश्न विचारतो, "रात्री घरात कोण काय पांघरते?" उत्तर बहुतेक ठिकाणी सारखेच मिळते. जाड ब्लँकेट घरधन्याला, रजई मुलांना, नवी चादर पाहुण्याला. आणि घरच्या बाईला? जी विरली आहे ती, नाहीतर साडीचा पदर. एका म्हातारीने हसत सांगितले, "मले कायची थंडी वाजते भाऊ? लेकराईले पुरलं पाह्यजे." तिच्या हातांना मात्र भेगा पडलेल्या होत्या.

वर आम्ही जी जी सुखे सांगितली, ती बहुतेक तिच्याच हातून येतात. गरम पाणी ती तापविते, भाकरी ती थापते, वाकळ ती शिवते. सर्वांत आधी उठून गार पाण्याला हात तीच घालते आणि सर्वांचे झाल्यावर, पाणी कोमट झाल्यावर, तिच्या आंघोळीची पाळी येते. घराची ऊब जर एकीच्या थंडीवर उभी असेल, तर त्या उबेला समतेची ऊब कसे म्हणावे?

७ फेब्रुवारीला, याच दिवसांत, माता रमाईंची जयंती येते. बाबासाहेब १९१३ ते १९१७ अमेरिकेत आणि इंग्लंडात, पुन्हा १९२० ते १९२३ लंडनला शिकत होते, तेव्हा इकडे रमाईंनी ओढगस्तीत संसार चालविला. त्या २७ मे १९३५ रोजी गेल्या. पुढे ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि त्यांच्या सोसण्याची नोंद त्या अर्पणपत्रिकेत केली. आपण दरवर्षी रमाईंच्या त्यागावर भाषणे देतो, टाळ्या पडतात आणि घरी आल्यावर "चहा टाक" म्हणून बसतो. रमाईंनी सोसले म्हणून आपल्या घरातल्या बाईनेही सोसत राहावे, असा जयंतीचा अर्थ नाही. एकीने सोसले, आता दुसरीला सोसावे लागू नये, असा तो घ्यायला हवा.

म्हणून आमचे वाचक बंधूंना सांगणे आहे की, या माघात आधी घरातली पांघरुणे मोजा. तथागतांनी जशी थंडी स्वतःच्या अंगावर मोजली, तसे एक रात्र ते विरलेले पांघरूण तुम्ही घ्या आणि जाड ब्लँकेट तिला द्या. पहाटे तुम्हालाच कळेल किती थर कमी पडतात. निदान सुटीच्या दिवशी पाणी तापविणे, चहा करणे, भांडी घासणे हे पुरुषांनी आणि मुलांनी करावे, आणि पहिली गरम बादली तिला द्यावी. तिने उन्हात बसून निवांत बोरे खावीत. भगिनींनीही "मले काही होत नाही" म्हणणे सोडावे.

मोजल्यावर एखादे पांघरूण जास्त निघाले, तर ते पेटीत पडू देऊ नका. सरकारी दवाखान्याच्या आवारात रोग्याचे नातेवाईक उघड्यावर निजलेले असतात. गल्लीच्या तोंडाशी चौकीदार असतो. एक पांघरूण, एक पेला गरम चहा, एवढेही पुष्कळ होते.

थोड्याच दिवसांत रानात पळस फुलेल, पांघरुणे धुऊन, घड्या घालून पेटीत जातील आणि उन्हाच्या झळांची चिंता सुरू होईल. पेटी बंद करण्याआधी घरच्या बाईला एकदा विचारावे, "यंदा थंडी कशी गेली?" ती "बरी गेली" म्हणाली, तर आपला माघ सार्थकी लागला असे समजावे.

जयभीम!